पाणी-बचतीचे सरकारी अनुदान : अर्जाच्या आधी हिशेब

शेती करणारे आणि शेतीला लागणारा माल विकणारे असे दोन्ही प्रकारचे लोक हे पान वाचतात. दोघांचाही पाणी-बचतीच्या सरकारी अनुदानाशी रोजचा संबंध येतो. ठिबक संच, तुषार संच, शेततळे, तळ्यातला गाळ अशा अनेक कामांना सरकार पैसे देते. तरीही आपल्या गावातले चित्र काय दिसते? कुणी अनुदानाच्या भरवशावर उसनवारी करून संच बसवतो आणि वर्षभर पैशाची वाट पाहतो. कुणाचा अर्ज कागदातल्या एका अक्षरासाठी अडकतो. कुणी शेततळे खोदतो, पण ते पावसाने भरतच नाही. चूक योजनेची किती आणि आपल्या हिशेबाची किती, हे तपासून पाहिले पाहिजे. या लेखात आम्ही तोच हिशेब क्रमाने मांडणार आहोत. उदाहरणे महाराष्ट्रातील योजनांची घेतली आहेत.

अनुदान म्हणजे काय?

अनुदान ही खैरात नाही आणि आगाऊ मिळणारी रक्कमही नाही. काम आधी स्वतःच्या पैशाने पुरे करायचे, ते तपासून घ्यायचे आणि मग ठरलेला हिस्सा परत मिळवायचा, असा हा व्यवहार आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही सरकारकडची येणी आहे. येणी असलेली रक्कम गल्ल्यात आहे असे समजून जो खर्च करतो तो अडचणीत येतो, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही. शेतकऱ्यानेही हेच सूत्र धरावे.

सरकार हा पैसा का देते, हेही समजून घ्यावे. पाटाने किंवा मोकाट पाणी सोडले तर त्यातले बरेचसे दांडात मुरते, शेताच्या वरच्या टोकाला जास्त होते आणि खालच्या टोकाला कमी पडते. सोडलेल्या पाण्यापैकी निम्मे किंवा त्याहूनही कमी पाणी पिकाच्या उपयोगी पडते. ठिबकाने हेच प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास नेता येते. मात्र संचाचा पहिला खर्च मोठा असतो आणि लहान शेतकऱ्याला तो एकदम झेपत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी महाराष्ट्रात १९८६-८७ पासून ठिबकाला अनुदान सुरू झाले. केंद्र सरकारने जानेवारी २००६ मध्ये देशभरासाठी सूक्ष्म सिंचनाची योजना आणली. २०१५ पासून ती प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत ‘प्रति थेंब अधिक पीक’ या नावाने चालली आणि २०२२-२३ पासून राष्ट्रीय कृषी विकास योजनेत आली. नावे बदलत गेली, पण व्यवहाराचे स्वरूप तेच राहिले.

टक्केवारी कशावर मोजतात?

केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना, ५५ टक्के अनुदान आहे. इतरांना ते ४५ टक्के आहे. महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून यात भर घातली. २०२१ च्या निर्णयाने अल्पभूधारकांना आणखी २५ टक्के आणि इतरांना आणखी ३० टक्के देण्याचे ठरले. म्हणजे एकूण प्रमाण ८० आणि ७५ टक्के झाले. एका लाभार्थ्याला जास्तीत जास्त पाच हेक्टरपर्यंत हा लाभ घेता येतो.

हे आकडे ऐकले की वाटते, लाखाचा संच वीस हजारात पडला. येथेच गफलत होते. टक्केवारी आपल्या बिलावर मोजत नाहीत. सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर ती मोजतात. हा मापदंड दोन नळ्यांमधील अंतरावर अवलंबून असतो. एका हेक्टरमध्ये नळ्या १.२ मीटर अंतरावर टाकल्या तर सुमारे ८,३०० मीटर नळी लागते. फळबागेत पाच मीटर अंतरावर टाकल्या तर २,००० मीटर पुरते. साहजिकच पहिल्याचा मापदंड मोठा आणि दुसऱ्याचा लहान असतो.

आता हिशेबाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या अंतराचा मापदंड एक लाख रुपये आहे आणि दुकानदाराचे बिल एक लाख वीस हजारांचे झाले. शेतकरी अल्पभूधारक आहे. त्याला एक लाखाचे ८० टक्के, म्हणजे ८० हजार मिळतील. बिलाचे ८० टक्के, म्हणजे ९६ हजार नव्हे. खिशातून जाणारी रक्कम २० किंवा २४ हजार नसून ४० हजार आहे. बिल मापदंडापेक्षा कमी झाले तर अनुदानही त्या प्रमाणात कमी होते. म्हणून दुकानात जाण्याआधी तालुका कृषी कार्यालयातून आपल्या अंतराचा चालू वर्षाचा मापदंड लिहून घ्यावा आणि दोन-तीन दुकानांचे दरपत्रक त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. ठिबक व तुषार संचावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही दरपत्रकात पाहून घ्यावे.

वाट पाहण्याची किंमत

वरच्या उदाहरणात आणखी एक खर्च लपलेला आहे. शेतकऱ्याने एक लाख वीस हजार आज मोजले आणि ८० हजार दहा महिन्यांनी आले असे समजा. हे ८० हजार त्याने शेकडा दोन रुपये महिना या दराने सावकाराकडून घेतले असतील, तर दहा महिन्यांचे व्याज १६ हजार रुपये होते. म्हणजे ८० हजारांचे अनुदान प्रत्यक्षात ६४ हजारांचे झाले. आणखी दहा महिने उशीर झाला तर आणखी १६ हजार गेले. पाणी वाचवण्याच्या योजनेतला पैसा अशा रीतीने सावकाराच्या घरी जातो.

व्याजाचा व्यवहार आपल्याला वर्ज्य आहेच. पण ज्याला तो वर्ज्य वाटत नाही त्यानेही हा आकडा पाहावा. उपाय साधे आहेत. पहिला, संच एकदम पाच एकरांवर न बसवता जेवढे भांडवल हातात आहे तेवढ्या क्षेत्राचाच अर्ज करावा. उरलेल्या क्षेत्राचा पुढच्या वर्षी करावा. दुसरा, पिकाचे पैसे हाती येण्याच्या सुमारास खरेदी यावी असा अर्जाचा काळ साधावा. तिसरा, ज्या गावात बिनव्याजी कर्ज देणारी पतसंस्था किंवा बैतुलमाल आहे तेथे अशा कामासाठी मुदतीचे कर्ज मागावे. पूर्वसंमतीचे पत्र हातात असले की कर्ज देणाऱ्यालाही परतफेडीची वाट दिसते. मात्र परतफेडीची तारीख अनुदानाच्या भरवशावर न ठरवता पिकाच्या भरवशावर ठरवावी.

हा प्रश्न सगळीकडे एकाच पद्धतीने सोडवलेला नाही. गुजरातेत २००५ साली ग्रीन रिव्होल्यूशन कंपनी स्थापन झाली. तेथे शेतकरी फक्त आपला हिस्सा भरतो आणि अनुदानाची रक्कम कंपनीकडून थेट पुरवठादाराला मिळते. वाट पाहण्याचे ओझे त्यामुळे शेतकऱ्यावर पडत नाही. तामिळनाडूने तर अल्प व अत्यल्प भूधारकांना मापदंडाच्या शंभर टक्के अनुदान दिले. महाराष्ट्रात टक्केवारी चांगली असली, तरी रक्कम शेतकऱ्याच्या बँक खात्यात मागाहून जमा होते. म्हणून येथील शेतकऱ्याने टक्केवारीइतकाच महिन्यांचाही हिशेब केला पाहिजे.

कागद आधी, खरेदी नंतर

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतो. पूर्वी लाभार्थी संगणकीय सोडतीने निवडले जात; २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी संधी, ही पद्धत आली. त्यामुळे कागद तयार नसणाऱ्याचे नुकसान पूर्वीपेक्षा जास्त होते. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला आहे.

कामाचा क्रम असा आहे : अर्ज, निवड, कागदपत्रे चढवणे, पूर्वसंमती, खरेदी व उभारणी, बिल चढवणे, मोका तपासणी, आणि शेवटी खात्यात रक्कम. यात सर्वांत महत्त्वाची पायरी पूर्वसंमतीची. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचे बिल असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. ‘माल आजच न्या, कागदाचे आम्ही पाहतो’ असे कुणी म्हटले तरी माल उचलू नये. पूर्वसंमती मिळाल्यावर मात्र तीत दिलेल्या मुदतीत काम पुरे करावे.

आपल्या समाजात दोन अडचणी वारंवार दिसतात. त्या आधीच दूर कराव्यात.

पहिली अडचण नावाची. सातबाऱ्यावर ‘महंमद’, आधारवर ‘मोहम्मद’ आणि बँकेत नुसते ‘मो.’ असे लिहिलेले असते. कुठे शेख आधी, कुठे नंतर, तर कुठे नाहीच. माणसाला हे एकच नाव वाटते. संगणकाला ती तीन माणसे वाटतात. सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक खाते यांवरील नाव एकसारखे करून घ्यावे आणि खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करावी. याला वेळ लागतो, म्हणून अर्जाचा विचार मनात आला त्याच दिवशी सुरुवात करावी.

दुसरी अडचण वारसाची. आजोबा जाऊन पंधरा वर्षे झाली तरी जमीन त्यांच्याच नावावर असते. कसणारा नातू अर्ज करू शकत नाही, कारण कागदोपत्री तो शेतकरीच नसतो. वारस नोंद करताना बहिणींची व आईची नावेही लावावी लागतात, म्हणून काही जण ती टाळतात. त्यांचा हिस्सा हा त्यांचा हक्कच आहे. तो दाबून ठेवल्याने अनुदानही जाते आणि हक्कही बुडतो. नावे लावावीत आणि सामाईक खातेदारांचे संमतीपत्र घेऊन एकाने अर्ज करावा. हा सरळ मार्ग आहे आणि तो चालतो.

याशिवाय सातबाऱ्यावर विहीर किंवा कूपनलिकेची नोंद आहे का ते पाहावे. नसेल तर तलाठी कार्यालयात विचारावे. आपल्या त्याच क्षेत्रावर पूर्वी अनुदान घेतले असेल, तर सात वर्षे झाल्यावरच पुन्हा लाभ मिळतो. जुनी पावती म्हणूनच जपून ठेवावी.

शेततळे : खोदण्याआधी पाऊस मोजा

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा कमाल अनुदान ५० हजार रुपये होते. जून २०२२ च्या निर्णयाने ते ७५ हजार झाले. रक्कम तळ्याच्या आकारमानावर ठरते आणि काम झाल्यावर मोजमाप करून मिळते. प्लास्टिकच्या अस्तरीकरणाचा खर्च वेगळा असतो आणि तोही मोठा असतो, हे विसरू नये.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळे घेतले आणि त्याच्या बाजूंना एकास एक उतार दिला, तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. एका हेक्टरला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायला पाच लाख लिटर लागतात. म्हणजे भरलेले तळे एका हेक्टरच्या चार पाळ्या वाचवते. पावसाने ऐन दाणे भरताना दडी मारली तर या चार पाळ्या पीक तारतात. शेततळ्याचा खरा उपयोग हा आहे.

पण हे तळे भरणार कशाने? समजा, आपल्याकडे हंगामात ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला १५ टक्के वाहून येतो. तेव्हा एका हेक्टरवरून ९०० घनमीटर पाणी मिळेल. २,२०० घनमीटरचे तळे भरायला सुमारे अडीच हेक्टरांचे पाणी तळ्याकडे उतरले पाहिजे. ज्याची जमीन एक एकर आहे आणि वरच्या शेताचे पाणी दुसरीकडे वळते, त्याचे तळे रिकामेच राहणार.

मग काय होते? कूपनलिकेचे पाणी उपसून तळ्यात भरले जाते. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात हे पुष्कळ ठिकाणी झाले आहे. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवणे याला पाणी-बचत म्हणता येत नाही. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर या एका तळ्यातून रोज सात हजार लिटरांहून अधिक पाणी वाफ होऊन जाते. शेजाऱ्याची विहीरही आटते. ज्याच्याकडे भांडवल आहे तो सर्वांचे पाणी आपल्या तळ्यात साठवतो आणि त्यासाठी अनुदानही घेतो. कायद्याच्या कागदात हे बसले तरी शेजाऱ्याच्या हक्कात बसत नाही.

म्हणून तळ्याचा आकार अनुदानाच्या कमाल रकमेवरून ठरवू नये. तळ्याकडे किती पाणी उतरते त्यावरून ठरवावा. लहान तळे पावसाने भरत असेल तर तेच फायद्याचे आहे. ज्यांच्या गावात तलाव किंवा बंधारा आहे त्यांनी गाळाच्या योजनेचाही विचार करावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०२३ च्या निर्णयाने अल्प व अत्यल्प भूधारकांना गाळ शेतात पसरण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, अडीच एकरांपर्यंत कमाल ३७,५०० रुपये ठरवले गेले. यात तलावाची साठवण वाढते आणि हलकी जमीनही सुधारते.

दुकानदार आणि फिटर बंधूंसाठी

ठिबकाच्या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत. कुणी वितरक आहेत, कुणी फिटर, कुणी मोटारी भरणारे. या धंद्याचा धोका उधारीत आहे. अनुदान येईपर्यंत थांबू असे म्हणून पंचवीस शेतकऱ्यांना माल दिला आणि प्रत्येकी ८० हजार अडकले, तर २० लाख रुपये बाहेर राहिले. कंपनी मात्र आपले पैसे वेळेवर मागते. किती उधारी द्यायची याची मर्यादा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावी आणि व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करावा.

दुसरा धोका ‘फुकट संच’ या आमिषाचा. बिल वाढवून लावायचे, आत हलक्या प्रतीची नळी द्यायची आणि शेतकऱ्याला सांगायचे की तुझा एक पैसाही जाणार नाही, असे प्रकार चालतात. आता तपासणीत शेताच्या ठिकाणासह छायाचित्रे घेतली जातात. प्रकरण उघडे पडले तर रक्कम वसूल होते आणि वितरकाची नोंदणी जाते. पण पकडले गेले नाही तरी खोटे बिल ते खोटेच. तो पैसा जनतेची अमानत आहे.

चांगल्या मालाची खूण सोपी आहे. नळीवर आयएसआय चिन्ह आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो. साध्या लॅटरलसाठी आयएस १२७८६, ड्रिपरसाठी १३४८७ आणि इनलाइन नळीसाठी १३४८८ हे क्रमांक आहेत. ग्राहकाने ते वाचावेत आणि दुकानदाराने ते दाखवावेत.

या धंद्यात टिकाऊ कमाई विक्रीपेक्षा सेवेत आहे. अनेक संच दोन-तीन वर्षांत बंद पडतात, ते नळी फाटल्यामुळे नव्हे तर ड्रिपर तुंबल्यामुळे. फिल्टर वेळेवर धुणे, नळ्यांची टोके उघडून गाळ काढणे, क्षाराच्या पाण्यात योग्य मात्रेत आम्ल सोडणे ही कामे फारच थोड्यांना नीट येतात. जो फिटर हंगामाला दोनदा शेतावर जाऊन हे करून देतो त्याला गाव सोडत नाही. सरकारने पैसे देऊन बसवलेला संच सात वर्षे चालवणे हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो.

वाचलेले पाणी जाते कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संच बसला, अनुदान आले, पाणी वाचले का? एका एकराला लागणाऱ्या पाण्यात दोन एकर भिजू लागले आणि दुसऱ्या एकरात ऊस लागला, तर उत्पन्न वाढले हे खरे. पण विहिरीतून उपसा पूर्वीइतकाच राहिला. उलट पूर्वी दांडातून मुरणारे पाणी पुन्हा विहिरीला मिळत होते, तेही बंद झाले. अशा वेळी शेतकऱ्याचा फायदा होतो आणि गावाची पाणीपातळी मात्र खालीच जाते. दोन-तीन दुष्काळी वर्षे आली की फायदा झालेल्याचीही विहीर कोरडी पडते आणि शेतात महागाच्या नळ्या तेवढ्या उरतात.

नुसता पैसा ओतल्याने पाणी वाढत नाही, हे मोठ्या योजनांतही दिसले. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात भूजल वाढवण्यावर आणि पाण्याची गरज भागवण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नसल्याचे म्हटले. उलट अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेचा, म्हणजे सरकारचाच पैसा वापरला. पण त्यासोबत गावाने स्वतःवर नियम घालून घेतले. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिके नाहीत, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी पिकेही त्या मानाने. पैसा दोन्हीकडे सरकारचा होता, फरक हिशेबाचा होता.

सगळ्या गावाला हे उद्या जमणार नाही. पण एक शेतकरी आपल्यापुरते ठरवू शकतो. संच बसवल्यावर मोटार किती तास चालते याची वही ठेवावी. पूर्वी आठवड्याला वीस तास चालत असेल आणि आता बारा तास पुरत असेल, तर आठ तासांचे पाणी वाचले. त्यातले किमान निम्मे विहिरीत राहू द्यावे आणि उरलेल्यात भाजीपाल्याचा एखादा तुकडा करावा. वीज वाचेल, विहीर उन्हाळ्यात महिनाभर जास्त टिकेल आणि शेजाऱ्याचाही वाटा राहील.

थोडक्यात, या कामात चार आकडे कागदावर मांडल्याशिवाय पाऊल उचलू नये : आपल्या अंतराचा सरकारी मापदंड, आपल्या खिशातून खरोखर जाणारी रक्कम, अनुदान यायला लागणारे महिने आणि आपल्या शिवारात खरोखर मिळणारे पाणी. हे चार आकडे जुळले तर अर्ज जरूर करावा. तो आपला हक्क आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. न जुळल्यास काम लहान करावे. अनुदान मिळाले नसते तरी जे काम आपण आज ना उद्या केलेच असते, अशाच कामासाठी अनुदान घ्यावे. त्यातच बरकत आहे.